सामूहिक वनहक्काच्या जंगलाचा दहा वर्षांचा आराखडा: ग्रामसभेने कोणते काम आधी करावे, कोणते नंतर

सामूहिक वनहक्काचे पत्र हाती आल्यावर बहुतेक गावांत पहिला प्रश्न निधीचा निघतो, आणि चूक तिथूनच सुरू होते. आराखडा कोणत्या योजनेत बसेल हे आधी ठरते, त्यासाठी तयार नमुना कुठून तरी आणला जातो, त्यात चर, बंधारे आणि रोपांचे आकडे भरले जातात, आणि गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या रीती ‘पारंपरिक ज्ञान’ या मथळ्याखाली अर्ध्या पानात उरकल्या जातात. पुढे दोन-तीन वर्षांनी बांबू कोणी, किती आणि कधी तोडायचा यावरून वाद उभा राहतो, तेव्हा त्या कागदात उत्तर सापडत नाही, कारण कामांची यादी करताना वापराचे नियम ठरवायचे राहून गेलेले असते.

हा लेख महाराष्ट्रातील त्या ग्रामसभांसाठी आहे, ज्यांचा वनहक्क अधिनियम, २००६ मधील कलम ३(१)(झ) खालचा हक्क मान्य झाला आहे. इंग्रजी प्रतीत हेच उपकलम ‘आय’ या अक्षराने येते. जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हा हक्क आहे, आणि म्हणूनच आराखडा बनवण्याची जबाबदारी ग्रामसभेची आहे. दहा वर्षांचा आराखडा नीट करायचा असेल तर त्याला पूर्ण एक वर्ष द्यावे लागते, कारण जंगल चारही ऋतूंत पाहावे लागते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास सुरुवात केली तर क्रम सर्वांत सोयीचा पडतो.

टप्पा १ : हक्कपत्र ओळ न्‌ ओळ वाचणे

हक्कपत्र चौकट करून भिंतीला लावण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्यावे. ते अधिनियमाखालील नियमांच्या परिशिष्ट ४ प्रमाणे आहे का, हे प्रथम पाहावे. परिशिष्ट ३ हे गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारे बांबू, तेंदू, मोह असे उत्पन्न), चराई, मासेमारी अशा सामूहिक हक्कांसाठी असते, आणि परिशिष्ट ४ हे सामूहिक वनसंपत्तीसाठी. ज्या गावाकडे केवळ परिशिष्ट ३ चे पत्र आहे, त्याने आधी प्रपत्र ‘ग’ भरून वनसंपत्तीचा दावा करावा आणि मग आराखड्याकडे वळावे. निस्तारपत्रक (जंगलातून गावाला काय घेता येते त्याची जुनी नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढींची महसुली नोंद), जुने नकाशे, देवराया आणि दफनभूमी यांसारख्या जागेवरच्या खुणा, तसेच दावेदारांव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन असे पुरावे त्या दाव्यात चालतात. किमान दोन प्रकारचे पुरावे जोडावेत.

त्यानंतर क्षेत्र, कक्ष क्रमांक (वनविभागाने जंगलाचे पाडलेले क्रमांकित भाग म्हणजे कक्ष) आणि चतुःसीमा ताडून पाहाव्यात. हेक्टरचा आकडा बरोबर असतो, पण एखादा कक्ष गळलेला असतो, किंवा गावाचा मुख्य नाला सीमेबाहेर गेलेला असतो, असे वारंवार घडते. काही हक्कपत्रांत वनविभागाच्या कार्य आयोजनेच्या (विभागाच्या स्वतःच्या वनव्यवस्थापन आराखड्याच्या) अधीन राहण्यासारख्या अटी घातलेल्या आढळतात. अशी अट दिसली किंवा क्षेत्रात चूक सापडली, तर ग्रामसभेचा ठराव करून उपविभागस्तरीय समितीमार्फत जिल्हास्तरीय समितीकडे दुरुस्तीची लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. दुरुस्ती होईपर्यंत थांबून राहू नये. पुढचे टप्पे चालू ठेवावेत.

तपासणी : हक्कपत्राची साक्षांकित प्रत, नकाशा आणि कक्षनिहाय क्षेत्राची यादी या तीन गोष्टी समितीच्या कपाटात आहेत का? एखादी नसेल तर ती मिळवण्याचे काम एका नावावर सोपवावे.

टप्पा २ : योग्य ग्रामसभा, योग्य समिती

येथे तीन वेगळ्या समित्यांची गल्लत होते. वनहक्क समिती दाव्यांची पडताळणी करते. संयुक्त वनव्यवस्थापन समिती वनविभागाच्या शासन निर्णयाखाली चालते. आराखडा बनवणारी समिती या दोन्हींहून वेगळी आहे: ती नियम ४(१)(ङ) खाली ग्रामसभेने आपल्या सदस्यांतून नेमायची असते आणि ती ग्रामसभेलाच उत्तरदायी असते. जुन्या संयुक्त समितीची पाटी बदलून तिलाच नवे नाव देणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे, कारण त्यामुळे खाते, शिक्का आणि सवयीसुद्धा जुन्याच राहतात.

दुसरी गल्लत ग्रामसभेबाबत होते. अनुसूचित क्षेत्रात पाडा, टोला किंवा वस्ती यांची स्वतःची ग्रामसभा असू शकते, आणि हक्कपत्र ज्या गावाच्या नावाने आहे त्याच गावाच्या ग्रामसभेने ठराव करायचा असतो. चार गावांच्या ग्रामपंचायतीच्या सभेत, पंचायतीच्या नोंदवहीत घेतलेला ठराव पुढे अडचणीत आणतो. गणपूर्तीचा नियमही काटेकोरपणे पाळावा: २०१२ च्या सुधारणेनुसार एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे उपस्थित हवेत आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. सह्या घरोघरी फिरवून घेऊ नयेत. सभेची वेळ मोहफुले वेचण्याच्या किंवा रोवणीच्या दिवसांत ठेवली तर महिला येणार नाहीत, हे आधीच लक्षात घ्यावे.

समितीत सरपंच आणि शिकलेली तरुण मुले असतातच. त्यांच्याबरोबर गायता किंवा भूमिया (गावदेवाची पूजा करणारा), गुराखी, वैदू, जंगलात रोज जाणाऱ्या दोन-तीन महिला आणि गावात भूमिहीन असलेल्या कुटुंबातील एक जण असावा. जंगलाची खरी माहिती ज्यांच्याकडे असते, ते बहुधा सभेत मागच्या रांगेत बसलेले असतात.

इशारा : अध्यक्ष, सचिव आणि बँक खात्याचे स्वाक्षरीकर्ते एकाच कुटुंबातील नसावेत. हा नियम समिती नेमतानाच ठरावात लिहावा. नंतर तो मांडला की व्यक्तींवरचा आरोप वाटतो.

टप्पा ३ : सीमेवरच्या शेजाऱ्यांशी बोलणे

हा टप्पा माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेचा कणा आहे, आणि नेमका हाच बहुतेक गावे गाळतात. परंपरेने गावाच्या जंगलाची सीमा एखाद्या नाल्याने, टेकडीच्या धारेने किंवा मोठ्या दगडाने ठरलेली असते. कक्षाची रेषा मात्र कागदावर सरळ जाते. या दोहोंमधल्या पट्ट्यात शेजारच्या गावाची मोहाची झाडे असतात, त्यांच्या गुरांची पाण्याची वाट असते, कधी त्यांच्या देवाचे स्थानही असते. नकाशा छापून झाल्यावर शेजाऱ्यांना बोलावले तर त्यांना तो अतिक्रमणाचा कागद वाटतो. म्हणून नकाशाच्या आधी चालणे, आणि चालताना दोन्ही गावांचे वडीलधारे सोबत असणे, हा क्रम बदलू नये.

सीमाफेरी करताना प्रत्येक खुणेचे गावातले नाव लिहावे. गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी किंवा भिलीतले नाव आधी आणि कक्ष क्रमांक नंतर, अशी नोंद ठेवावी. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्यावेत, पण केवळ त्यावर विसंबू नये. दाट जंगलात आणि दरीत मोबाइलची नोंद काही मीटरने सरकते आणि तेवढ्या अंतरात मोहाचे एखादे झाड दुसऱ्या गावाचे होऊ शकते.

सामाईक वापराच्या पट्ट्याचा नियम दोन्ही ग्रामसभांनी एकत्र बसून लिहावा: झाडे कोणाची, गुरे कोणत्या महिन्यात येणार, आग लागली तर कोणी कुठपर्यंत धावायचे. वनहक्क नियमांतील नियम १२ मध्येही हाच मार्ग सांगितला आहे. दोन गावांच्या सीमांबाबत मतभेद असतील तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून लेखी निष्कर्ष द्यावेत, आणि तरीही तोडगा न निघाल्यास विषय उपविभागस्तरीय समितीकडे जावा, असा तो नियम आहे. ऋतूनुसार येणारे मेंढपाळ, गवळी आणि बांबूवर पोट असलेले बुरड यांनाही याच टप्प्यावर बोलवावे. भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापर कलम ३(१)(घ) मध्ये हक्क म्हणून मान्य आहे. त्यांना आराखड्यातून वगळले तर दंडाची पावती फाडणारे आता आपणच झालो, एवढाच फरक उरेल.

तपासणी : प्रत्येक शेजारी गावाशी झालेल्या बैठकीची तारीख, उपस्थिती आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला कागद हाती आल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा ४ : ऋतूनुसार जंगलाची नोंद

एका आठवड्यात ‘सर्वेक्षण’ संपवणाऱ्या गटाला मोह फुलताना दिसत नाही, बांबूचा कोंब दिसत नाही आणि मे महिन्यात कोणता झरा टिकतो हेही कळत नाही. म्हणून नोंदीच्या किमान चार फेऱ्या कराव्यात: पावसानंतर, थंडीत, मोहाच्या दिवसांत मार्च-एप्रिलमध्ये, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला.

मोजणी साधी ठेवावी. जंगलाचे गावाच्या ओळखीप्रमाणे भाग पाडावेत, उदाहरणार्थ बांबूचा पट्टा, मोह-तेंदूचा माळ, नाल्याकाठचे दाट जंगल, उघडी टेकडी. प्रत्येक भागात सरळ रेषेत ठरावीक पावलांवर २० × २० मीटरचे नमुना तुकडे आखावेत. त्यात ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराची सर्व झाडे मोजावीत. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घ्यावा. त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात ५ × ५ मीटरमध्ये लहान झाडे आणि १ × १ मीटरमध्ये रोपे मोजावीत. असे २५ तुकडे म्हणजे एक हेक्टर होतो, त्यामुळे हिशोब शाळेतल्या मुलांनाही करता येतो. तुकड्याच्या कोपऱ्यावर दगडाची कायम खूण ठेवावी, कारण पाच वर्षांनी हेच तुकडे पुन्हा मोजायचे आहेत.

या मोजणीत सर्वांत महत्त्वाचा आकडा मोठ्या झाडांचा नाही, रोपांचा आहे. माळावर मोहाची जुनी झाडे भरपूर असतात आणि खाली एकही रोप नसते, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. दरवर्षीची आग, चराई आणि फूल वेचण्यासाठी केलेली सफाई यांत रोप टिकत नाही. ही गोष्ट डोळ्यांना जाणवत नाही, कारण झाडे उभी असतात आणि फुले मिळत असतात. आकडा पुढे आला की सभेत शांतता पसरते. हिरडा, बेहडा, आवळा, चारोळी आणि डिंक देणारी झाडे यांचीही अशीच वेगळी नोंद घ्यावी.

मोजणीबरोबर लोकांच्या आठवणींची नोंद घ्यावी: कोणता प्राणी कधीपासून दिसत नाही, कोणता कंद आता दूर जाऊन खणावा लागतो, कोणता नाला पूर्वी होळीपर्यंत वाहत असे. गावाच्या पंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही तयार असेल तर ती ताडून पाहावी, पण जशीच्या तशी उतरवू नये.

इशारा : औषधी वनस्पतींची ठिकाणे, देवरायांतील पूजास्थाने आणि वैदूंचे उपचार सर्वांना मिळणाऱ्या प्रतीत छापू नयेत. ग्रामसभेकडे राहणारी एक प्रत आणि बाहेर द्यायची दुसरी प्रत, असे दोन दस्तऐवज सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत.

टप्पा ५ : वापराचे नियम

नियम लिहिताना कोऱ्या कागदावरून सुरुवात करू नये. गावात आधीपासून काय चालते, ते आधी लिहावे. गोंड आणि माडिया गावांत पंडुम (नव्या पिकाचा किंवा फळाचा सण) झाल्याशिवाय नवे पीक किंवा फळ खाल्ले जात नाही. देवराईतून काडीही उचलत नाहीत. काही कुळे आपल्या देवकाचे झाड तोडत नाहीत. यांतील कोणती रीत आजही पाळली जाते, कोणती सुटली आणि का सुटली, यावर एक पूर्ण दिवस चर्चा करावी. लोकांनी स्वतःहून पाळलेला जुना नियम हा बाहेरून आणलेल्या दहा नियमांपेक्षा अधिक टिकतो, म्हणून आराखड्यात त्याला पहिले कलम करावे. सुटलेला नियम पुन्हा आणायचा की नाही, हे ज्यांच्यावर त्याचा भार पडेल त्यांना विचारूनच ठरवावे.

बांबू : बांबूचे क्षेत्र तीन किंवा चार भागांत वाटून दरवर्षी एकाच भागात तोड करावी. प्रत्येक बेटात किमान आठ पक्व बांबू राखावेत. चालू पावसाळ्यातला आणि त्याच्या आधीच्या पावसाळ्यातला बांबू तोडू नये. तोड जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटर उंचीवर, किमान एक ठळक पेर राखून करावी. बेटाच्या कडेचे बांबू सोपे पडतात म्हणून तेवढेच तोडले की बेट आतून गच्च होते आणि नव्या कोंबांना जागा राहत नाही. पावसाळ्यात तोड पूर्ण बंद ठेवावी. पूर्व विदर्भात ज्या कोंबांना वास्ते म्हणतात, ते घरच्या भाजीसाठी किती काढायचे आणि बाजारात विकायचे की नाही, हेही लिहावे. या लहानशा प्रश्नावरून मोठी भांडणे होतात. मानवेल जातीचा बांबू फुलोऱ्यावर आला की बेटे वाळतात, म्हणून फुलोऱ्यानंतर त्या भागात काही वर्षे चराई आणि आग कडकपणे रोखण्याची तरतूद आधीच करून ठेवावी.

तेंदू : चांगले पान यावे म्हणून झुडपांना आग लावण्याची सवय मोडायची असेल, तर त्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी करावी आणि तिची मजुरी आराखड्यात धरावी. काही भाग पानासाठी न घेता फळांसाठी सोडावा. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपान संकलनच थांबवले, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि आग त्यांना नको होती आणि फळ हवे होते. प्रत्येक गावाला असा निर्णय परवडेल असे नाही. मात्र तो निर्णय आपल्या सभेत विचारार्थ यायला हवा.

मोह आणि फळे : मोहाखाली पालापाचोळा जाळण्याऐवजी तो झाडून बाजूला करणे किंवा जाळी अंथरणे हा नियम करावा. चारोळी आणि आवळा यांची तोड सुरू करण्याची तारीख ग्रामसभेने जाहीर करावी. तारीख नसली की शेजारी आधी नेईल या भीतीने कच्चे फळ ओरबाडले जाते आणि फांद्या तोडल्या जातात. ही तारीख शेजारच्या गावांनीही पाळावी यासाठी टप्पा ३ मधले संबंध उपयोगी पडतात.

आग : महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून पालापाचोळा काढलेले पट्टे) त्याआधी साफ झालेल्या असाव्यात. पाळीपाळीने गस्त, निरोप देण्याची साखळी आणि पाण्याच्या जागा ठरवाव्यात. भारतीय वन सर्वेक्षणाची उपग्रहावर आधारित आगीची सूचना मोबाइलवर मिळते. समितीतील दोघांनी त्यासाठी नोंदणी करावी.

इशारा : कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आणि तेंदू येतात, इमारती लाकूड येत नाही. शिकारीलाही या हक्कांतून वगळलेले आहे. आराखडा मंजूर झाला म्हणून उभी झाडे विक्रीसाठी तोडता येत नाहीत, हे सभेत स्पष्ट सांगावे.

तपासणी : प्रत्येक नियमापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का: तो कोण पाहणार, मोडल्यास काय, आणि गरीब घराची अडचण असेल तर सवलत कोण देणार? सरपणावर जगणाऱ्या एकट्या बाईला लागू करता येणार नाही असा नियम लिहूच नये.

टप्पा ६ : लेखन, मंजुरी आणि वनविभागाशी सांधा

आता कुठे कागदाची वेळ येते. भागनिहाय नकाशा, मोजणीचे निष्कर्ष, वापराचे नियम, दहा वर्षांची कामे आणि वर्षनिहाय वेळापत्रक एवढा मजकूर पुरे. कामे नियमांतून निघाली पाहिजेत: उघड्या टेकडीवर चराईबंदी ठरली असेल तरच तिथे समतल चर आणि रोपे घ्यावीत, अन्यथा खर्च गुरांच्या पोटात जातो. पाण्याची कामे माथ्याकडून पायथ्याकडे घ्यावीत. आराखडा मराठीत लिहावा, आणि त्याचे वाचन गावाच्या बोलीत करावे.

नियम ४(१)(च) नुसार हा आराखडा वनविभागाच्या कार्य आयोजनेशी जोडायचा असतो, आणि त्यासाठी आवश्यक वाटतील ते फेरबदल समिती ठरवते. याचा अर्थ वनविभागाची मंजुरी घेणे असा लावला जातो, तो चुकीचा आहे. मंजुरी ग्रामसभा देते. तरीही परिक्षेत्र अधिकारी आणि वनरक्षक यांना मसुद्याच्या वाचनाला बोलवावे, त्यांच्या सूचना लेखी घ्याव्यात आणि प्रत्येक सूचनेवर समितीने काय ठरवले तेही लिहावे. आपल्या कक्षात विभागाची तोड प्रस्तावित आहे का, हे कार्य आयोजना मागवून पाहिल्याशिवाय कळत नाही. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांची प्रत जवळ ठेवावी.

टप्पा ७ : विक्री आणि हिशोब

ग्रामसभेच्या नावाने स्वतंत्र बँक खाते आणि पॅन, पावती पुस्तक, साठा नोंदवही आणि रोकडवही या गोष्टी पहिल्या विक्रीच्या आधी हव्यात. गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देते. परवाने, विक्रीच्या पैशांचा विनियोग आणि आराखड्यातील बदल हे तिन्ही विषय ग्रामसभेपुढे मंजुरीसाठी यावे लागतात. करांच्या बाबतीत पहिल्या वर्षापासूनच जाणकार लेखापालाची मदत घ्यावी. मागाहून आलेली नोटीस ग्रामसभेची वर्षभराची कमाई अडकवून ठेवते.

तेंदूच्या करारात ७० पानांचा पुडा आणि १,००० पुड्यांची प्रमाण गोणी हे माप स्पष्ट लिहावे. मजुरी आणि स्वामित्वमूल्य वेगवेगळे दाखवावे. ठेकेदाराने पूर्ण रक्कम भरल्याशिवाय गोदामातून माल हलणार नाही, ही अट कोणत्याही कारणाने सोडू नये. उत्पन्नातला ठरावीक हिस्सा जंगलावर खर्च करण्यासाठी वेगळा ठेवावा, आणि तो किती हे भाव कळण्याआधी ठरवावे.

टप्पा ८ : अनेक गावांचा एकत्र विचार

नाला, वणवा आणि हत्ती-वाघांच्या वाटा गावाच्या सीमेवर थांबत नाहीत. त्यामुळे प्रत्येक गावाचा आराखडा झाल्यावर एका पाणलोटातील किंवा एका तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र यावे. गडचिरोलीतील कोरची तालुक्याची महाग्रामसभा हे याचे चालते उदाहरण आहे. ग्रामसभांच्या अशा महासंघाकडे आगीची सूचना, एकत्रित लिलाव, फळतोडीच्या समान तारखा आणि नाल्याच्या उगमाचे संरक्षण एवढेच विषय सोपवावेत. गावाच्या जंगलाचे निर्णय त्याच्याकडे देऊ नयेत, कारण हक्कपत्र गावाचे आहे. महासंघातील प्रतिनिधी दरवर्षी बदलावेत आणि प्रत्येक गावाकडून एक पुरुष आणि एक महिला जावी.

टप्पा ९ : पाहणी आणि फेरमांडणी

दरवर्षी मोहाचा हंगाम संपल्यावर एक आढावा सभा घ्यावी: कोणता नियम मोडला गेला, किती वेळा, आणि तो मोडणाऱ्याकडे दुसरा पर्याय होता का. पाचव्या वर्षी कायम खुणेचे नमुना तुकडे पुन्हा मोजावेत. मोहाची आणि चारोळीची रोपे वाढली नसतील तर कामांवर कितीही खर्च झाला असला तरी नियम बदलावे लागतील. मोजणाऱ्या गटात पहिल्या वेळचे निम्मे लोक आणि निम्मी नवी मुले असावीत, म्हणजे दहाव्या वर्षी पुढचा आराखडा लिहायला बसताना खुणेचे दगड कुठे आहेत हे सांगणारे कोणी तरी गावात असेल.